आईच्या सुयांचा हिशेब

नागपूरची थंडी सांगून येत नाही. दिवाळीचे फटाके संपतात, एखाद्या संध्याकाळी अंबाझरीकडून वारं सुटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरच्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या जातात. डांबराच्या गोळ्यांचा वास गल्लीभर पसरतो. उन्हाळ्यासाठी बदनाम असलेल्या आमच्या शहरात थंडीही तितकीच कडक पडते, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना खरं वाटत नाही. हिवाळी अधिवेशनाला आलेली मंडळी पहिल्याच रात्री कुडकुडत स्वेटर शोधायला बर्डीवर निघालेली आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत.

शहराची थंडी दिवाळीनंतरची असली तरी आमच्या आईची थंडी पोळा झाला की सुरू व्हायची. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल माळ्यावर गेले, की त्याच माळ्यावरून सुयांचा डबा खाली यायचा. नऊ नंबरच्या सुया अंगासाठी, अकरा-बाराच्या बॉर्डरसाठी. मग फेब्रुवारी संपेपर्यंत आईचे हात रिकामे म्हणून दिसायचे नाहीत.

महालातल्या एका वाड्यात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. बाबा सरकारी कचेरीत कारकून. त्यांचा पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पुरायचा. उरलेले दहा दिवस आईच्या सुया ओढून न्यायच्या. आई मॅट्रिक झालेली होती, तेही चांगल्या मार्कांनी. पुढे शिकायचं राहून गेलं आणि लग्न झालं, ही गोष्ट ती एका वाक्यात सांगून संपवायची. दूध उतू जायची वाट पाहताना, नळाच्या रांगेत, देवळातल्या कीर्तनात, माझे पाढे ऐकताना तिच्या सुया चालू असायच्या. ती टाके मनात मोजायची आणि माझं सतरा साते चुकलं, की तिथल्या तिथे पकडायची. दोन हिशेब एकाच डोक्यात कसे चालत असतील, याचं आज मला नवल वाटतं. पुढे मी आयुष्यभर बँकेत आकडे मोजले, पण एकावेळी एकच.

माझं काम लड धरायचं. दोन्ही हात समोर पसरून बसायचं, त्यावर लोकरीची लड चढवायची आणि आई समोर बसून गुंडा करायची. हात अवघडून यायचे. उठू म्हटलं, की आई म्हणायची, "थांब नं बापा, एवढी लड होऊन जाऊ दे." ती वीस मिनिटं मात्र मला आई पुरती मिळायची. बाकी दिवसभर ती सगळ्यांची होती.

लोकर नेहमी नवी नसायची. गेल्या वर्षीचा स्वेटर तोकडा झाला, की आई तो उसवायची. उसवलेली लोकर कुरळी निघते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करायची, कोमट पाण्यात धुवायची आणि खाली लोटीचं वजन बांधून दोरीवर टांगायची, की सरळ होते. मग थोडी नवी लोकर घालून, मधे एखादी पट्टी टाकून मोठ्या मापाचा स्वेटर तयार. माझ्या भावाच्या एका स्वेटरात बाबांचा जुना मफलर, माझा फ्रॉकवरचा स्वेटर आणि आईचं स्वतःचं जॅकेट अशा तीन वस्तू होत्या. आईचं जॅकेट त्यात गेलं ते गेलंच. तिच्या अंगावर पुढे बरीच वर्षं शालच दिसली, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

०००

घरच्यांचं झालं की ऑर्डरी. आणि ऑर्डरींसाठी एक वही होती. लांबट, लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात असते तशी. त्यात नावं क्वचितच. 'कोपऱ्यावरचे डॉक्टर, फुल बाह्या, छाती ३८, मरून.' 'शाळेच्या बाई, कार्डिगन, आगाऊ ५ रुपये.' 'निळ्या दारवाल्या, जोडी, बाकी येणे.' सगळ्यात जास्त नोंदी बाळंतिणीच्या सेटच्या: टोपडं, झबलं, मोजे.

नागपुरात त्या काळी बाळंतपण म्हटलं की बहुतेक मध्यमवर्गीय घरांच्या तोंडी मातृसेवा संघाचं नाव यायचं. कमलाताई होस्पेट या बालविधवा परिचारिकेनं वेणूताई नेने यांच्या साथीनं १९२१ साली सीताबर्डीवर सुरू केलेली ही संस्था. बायकांनी बायकांसाठी उभं केलेलं केवढं मोठं काम ते! हिवाळ्यात तिथून घरी येणाऱ्या कितीतरी पोरांच्या डोक्यावर माझ्या आईनं विणलेलं टोपडं असेल, असं मला लहानपणी अभिमानानं वाटायचं. आई सेट देताना कधी पैशावर अडून बसायची नाही. "पोरगं काय पावती मागणार आहे?" म्हणायची.

इथे मला एका शब्दाबद्दल बोलायचं आहे. तो शब्द म्हणजे 'हौस'. स्वेटर न्यायला आलेल्या बाया तो उलटसुलट करून पाहायच्या आणि तोंड भरून म्हणायच्या, "किती हो हौस तुम्हाला! घरचं एवढं सगळं करून पुन्हा हे!" आई हसायची. मग ठरलेल्या मजुरीतले दोन रुपये कमी पडायचे, कधी 'पुढल्या महिन्यात देते' व्हायचं. मी बँकेत कर्जखात्यावर बसायला लागल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला, की बाईच्या कामाला हौस म्हटलं की त्याची मजुरी आपोआप उतरते. हौसेचे कोणी पूर्ण पैसे देत नाही. शिंप्याला शिवणाची हौस आहे असं म्हणून त्याचे पैसे कापलेले मी तरी ऐकले नाहीत.

आमच्या शहरात तर 'विणकर' हा मोठा मानाचा आणि मोठ्या कष्टाचा शब्द. इतवारीपासून गोळीबार चौकापर्यंतच्या वस्त्यांत कोष्टी आणि हलबा कुटुंबांचे हातमाग पिढ्यान्‌पिढ्या खटखटत आले. तिथेही मागावर बसणारा पुरुष विणकर. त्याच्यासाठी कांड्या भरणारी, ताण्याला हात लावणारी त्याची बायको कोण? तिच्यासाठी वेगळा शब्द नाही. ती 'मदत' करते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली एम्प्रेस मिल पुढे सव्वाशे वर्षं या शहराच्या पोटापाण्याचा आधार होती. तिथे भोंगा व्हायचा, हजेरी लागायची, पगारपत्रक असायचं. आमच्या घरी भोंगा नव्हता, म्हणून ते काम नव्हतं.

दोन सुयांवरचं लोकरीचं विणकाम आपल्याकडे आलं ते मुख्यतः मिशनरी शाळांतून आणि गोऱ्या मडमांकडून. मग मुलींच्या शाळांत शिवण-विणकामाचा तास आला. खुद्द युरोपात मात्र एके काळी हा पुरुषांचाही धंदा होता, त्यांचे संघ होते. इंग्लंडात १५८९ साली विल्यम ली नावाच्या एका धर्मोपदेशकानं मोजे विणायचं यंत्र केलं आणि तो एलिझाबेथ राणीकडे गेला. हातानं विणणाऱ्या गरिबांचं पोट जाईल म्हणून राणीनं त्याला हक्कपत्र नाकारलं, असं सांगतात. ही गोष्ट मी आईला सांगितली, तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "राणीला काय जातं म्हणायला? तिला स्वतः विणावं लागत होतं का? एखाद्या बाईलाच दिलं असतं यंत्र तर?"

आईच्या मनात यंत्र होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

०००

आपल्याकडे नोकरी आणि बाळ यांच्या ओढाताणीची चर्चा नवी आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. मुंबई इलाख्यानं १९२९ साली बाळंतपणाच्या रजेचा कायदा केला आणि त्यापाठोपाठ १९३० साली आमच्या मध्य प्रांतानंही केला. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. मुंबईच्या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ मध्ये कौन्सिलात बोलले होते. याच नागपुरात जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची मोठी परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. गिरण्यांत, बिडी कारखान्यांत, नगरपालिकेत, रेल्वेत राबणाऱ्या बायकांना रजा मिळावी, इजा झाली तर भरपाई मिळावी, म्हातारपणी पेन्शन मिळावी, असे ठराव त्या परिषदेनं केले. ज्यांच्या घरात दोन वेळची चूल पेटायची भ्रांत, त्या बायकांनी पेन्शनचा विचार केला होता! आम्ही पांढरपेशा घरातल्या मुलींनी ही गोष्ट शाळेत कधी ऐकली नाही.

देशपातळीवरचा कायदा १९६१ चा, बारा आठवड्यांच्या रजेचा. २०१७ मध्ये ते बारा आठवडे सव्वीस झाले आणि पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असतील तिथे पाळणाघराची सोय करणं बंधनकारक झालं. मधल्या काळात लढाया कमी झाल्या नाहीत. विमानातल्या परिचारिकेला पहिलं मूल होणार म्हटलं की घरी पाठवायचं, हा नियम सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्ये मोडला. आयुर्विमा महामंडळाच्या भरतीच्या अर्जात बाईला तिच्या पाळीबद्दल आणि गरोदरपणांबद्दल प्रश्न विचारलेले असायचे. ते रकाने काढून टाका, असं न्यायालयाला १९९१ साली सांगावं लागलं. म्हणजे मी नोकरीला लागले त्या काळात असे प्रश्न राजरोस चालू होते.

पण हे सारे कायदे जिला मालक आहे तिच्यासाठी. आईला मालक नव्हता. तिला रजा कोण देणार, आणि कशाची?

०००

१९६९ च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बँकांच्या काउंटरमागे मुली दिसू लागल्या. त्यांतलीच मी एक. १९८३ साली परीक्षा देऊन क्लार्क म्हणून लागले. बँकेचं हिशेबाचं वर्ष तेव्हा डिसेंबरअखेर संपायचं. क्लोजिंगच्या रात्री लेजरांची बेरीज जुळेपर्यंत घरी जाता येत नसे. आईच्या ऑर्डरींचाही तोच हंगाम. रात्री दोनला मी घरी यायची तर आई स्वयंपाकघरात पाय जवळ घेऊन विणत बसलेली. "जुळलं का तुझं?" ती विचारायची. "आठ आण्यांचा फरक होता, सापडला." "माझा एक टाका निसटला खाली, तो शोधून राहिली." मग आम्ही दोघी चहा घ्यायचो. मला तेव्हा वाटायचं, आम्ही बरोबरीच्या. आता कळतं, तिला सकाळी पाचला पुन्हा उठायचं असायचं आणि मला सातला कोणी तरी उठवायचं असायचं.

लग्न झालं, तेही नागपुरातच. १९८६ मध्ये मुलगा झाला. बाळंतपणाची रजा संपली त्या दिवसापासून तो दुपारी आईकडे. याच सुमारास आईच्या आयुष्यात एक चांगलं वळण आलं होतं. भाऊ नोकरीनिमित्त बाहेरगावी गेला आणि एक खोली मोकळी झाली. १९८७ च्या जूनमध्ये तिनं त्या खोलीत विणकामाचा वर्ग सुरू केला. दारावर खडूनं पाटी. पहिल्या महिन्यात चार मुली, वर्षभरात अकरा. नातवाला मांडीवर घेऊन ती शिकवायची. मग पोस्टातल्या रिकरिंगचे पैसे मोडून तिनं लुधियानाचं हातानं चालवायचं एक जुनं यंत्र घेतलं. ते घरी आलं त्या दिवशी तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं. पन्नाशी ओलांडलेल्या माझ्या आईला मी तशी हसताना आधी पाहिलं नव्हतं.

१९८९ मध्ये मला ऑफिसर म्हणून बढती मिळाली. ऑर्डर आली गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शाखेची. ज्यांनी बँकेत नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको. बढती म्हणजे बदली, आणि बदली नको असेल तर बढती नको म्हणून लेखी द्यायचं. माझ्याबरोबरच्या तिघींनी तसं लिहून दिलं. हुशार होत्या, माझ्यापेक्षा हुशार. त्या क्लार्क म्हणूनच निवृत्त झाल्या. पुरुष सहकाऱ्यांपैकी एकानंही लिहून दिलं नाही, कारण त्यांच्या घरी पोर सांभाळायला कोणी तरी होतं. त्या कोणाला आपण 'बायको' म्हणतो.

मुलगा तीन वर्षांचा. नवऱ्याची नोकरी नागपुरात. मी रडत आईकडे गेले. तिनं ऐकून घेतलं. हातातली ओळ पूर्ण केली. मग म्हणाली, "जा तू. बढती काही दरवर्षी येऊन नाही राहिली. पोराचं मी पाहीन."

मी गेले. शनिवारी अर्धा दिवस संपला की एस. टी. पकडायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रविवार तिकडेच. अडीच वर्षं. तिथल्या एकट्या रात्रींत मी लिहायला लागले. माझी पहिली कादंबरी त्या खोलीतली. तिच्या मुखपृष्ठावर माझं नाव आहे, अर्पणपत्रिकेत आईचंही आहे. आम्ही लेखक मंडळी अर्पणपत्रिकेत फार उदार असतो.

वर्गाचं काय झालं, ते मी विचारलं नाही. एका शनिवारी आले तर यंत्रावर जुनी चादर टाकलेली होती आणि माझा मुलगा त्यावर लाकडी ट्रक फिरवत होता. "मुली येत नाहीत का आता?" "येतील की. सध्या याच्या शाळेची वेळ आणि वर्गाची वेळ एकच येऊन राहिली." मला तेव्हा ते पुरेसं वाटलं. खरं तर मला ते पुरेसं वाटायला हवं होतं.

१९९२ च्या सुरुवातीला मी नागपुरात परत आले, तोवर जग बदललं होतं. तेव्हाच्या भंडारा आणि आजच्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला स्वेटरांचे ढीग मांडून बसणाऱ्या तिबेटी बाया आमच्या ओळखीच्या. त्याही बिचाऱ्या पाठीला मूल बांधूनच धंदा करायच्या. पण त्यांच्याकडचा माल लुधियानाच्या यंत्रांवरचा, नुसत्या लोकरीच्या किमतीत तयार स्वेटर. आईच्या मजुरीला जागाच उरली नाही. मुलीही आता टायपिंगला आणि कॉम्प्युटरला जाऊ लागल्या. वर्ग पुन्हा सुरू झाला नाही. दोन-अडीच वर्षांची एक फट होती तिच्या नशिबात, आणि नेमकी ती मी घेतली.

०००

आता एक कबुली. १९९५ च्या सुमारास मी नागपुरातल्या शाखेत कर्जखातं पाहत होते. एका दुपारी एक बाई आली. तिला फॉल-पिकोचं मशीन घ्यायचं होतं. मार्चअखेर जवळ आली होती, टेबलावर फायलींचा ढीग. मी मान वर न करता म्हटलं, "यजमानांना घेऊन या." ती 'बरं' म्हणाली आणि गेली. परत आली नाही.

रात्री जेवताना मी दिवसभराची कटकट सांगत होते, त्यात हेही सांगितलं. त्यांना कागदपत्रं कळत नाहीत, काही नाही, वगैरे. आईच्या सुया थांबल्या. तिनं शांतपणे सांगितलं, की १९७४ साली तीही एका बँकेत गेली होती. गरिबांसाठी चार टक्के व्याजानं कर्ज मिळतं, असं तिनं कुठे तरी वाचलं होतं. आपण त्यात बसतो की नाही, तेवढंच तिला विचारायचं होतं. सोबत वही नेली होती, सहा वर्षांच्या नोंदींची. साहेबांनी वही उघडली नाही. "यजमानांना घेऊन या," म्हणाले. बाबा वाईट नव्हते. ते म्हणाले, "सही पाहिजे तर देतो, पण हप्ता कोण भरेल?" हप्ता ती भरणार होती. पण प्रश्न ज्या सुरात आला, त्यात उत्तराला जागा नव्हती. विषय संपला. "आणि आता तूही तेच म्हणतेस होय," आई म्हणाली. रागावून नाही. एखादा टाका चुकला तर दाखवावा तसं.

त्या बाईचा अर्ज माझ्याकडे नव्हता, पत्ता नव्हता. तिला शोधायचं कुठे? त्यानंतरच्या सव्वीस वर्षांत मी बायकांची पुष्कळ कर्जं मंजूर केली. शिलाईची, खानावळीची, मसाल्याची, पापडाची. हप्ते बुडवणाऱ्यांत त्या फार थोड्या होत्या, हे माझ्या खुर्चीवरून पाहिलेलं. १९५९ साली मुंबईत सात जणींनी ऐंशी रुपये उधार घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं, ही गोष्ट मी दर महिलादिनाला भाषणात सांगत असे. पण समोर बसलेल्या प्रत्येक बाईत मला ती न परतलेली बाई दिसायची.

सरकारनं २०१९ मध्ये देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणारी बाई त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं घालवते आणि पुरुष ९७, असं दिसलं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे बाईची दहा मिनिटं सुटली आणि पुरुषानंही नऊ मिनिटं आपली सोडवून घेतली! क्लॉडिया गोल्डिन या अर्थशास्त्रज्ञ बाईंना २०२३ चं नोबेल मिळालं, ते याच विषयाच्या अभ्यासासाठी. पहिलं मूल झालं की बाईची मिळकत मागे पडू लागते, आणि जी नोकरी कधीही, कितीही वेळ मागते तीच जास्त पैसे देते, असं त्या दोनशे वर्षांचे कागद चाळून सांगतात. वाचताना मला गडचिरोलीची ऑर्डर आठवली. स्टेट बँकेच्या प्रमुखपदी २०१३ साली पहिल्यांदा बाई आल्या, अरुंधती भट्टाचार्य. त्यांच्या काळात तिथल्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांसाठी किंवा घरच्या आजारपणासाठी दोन वर्षांपर्यंत रजेची सोय मिळाली. ज्या खुर्चीवर बसलेल्याला पोर आजारी पडल्याचा अनुभव असतो, त्या खुर्चीतून वेगळे नियम निघतात, एवढं तरी खरं.

पण आकड्यांत न बसणारी एक गोष्ट उरते. नोकरी करणारी बाई पुढे जाते तेव्हा बहुधा तिच्या मागे दुसरी एक बाई थांबलेली असते. आई, सासू, नणंद, नाही तर स्वतःची पोरं घरी ठेवून आपली पोरं सांभाळायला आलेली कामवाली. आपण हिला स्त्रीची प्रगती म्हणतो. आहेच ती. पण पुष्कळदा ती उसवलेल्या लोकरीची असते. नवा स्वेटर छान बसतो, आणि कोणाचं जॅकेट त्यात गेलं ते आठवत नाही.

०००

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिची पेटी आवरताना वही सापडली. मी बँकेतली बाई, सवयीनं बेरीज करत बसले. येणे आणि आलेले. हिशेब चोख होता. नातेवाइकांना विणून दिलेल्या कपड्यांच्या पुढे रक्कम नव्हती, नुसतं 'घरचे'. अशी 'घरचे' तीन पानं. शेवटी 'वर्ग' म्हणून वेगळं पान. अकरा ओळी, महिन्याची फी, बरोबरच्या खुणा. १९८९ च्या जुलैत सगळ्या ओळींपुढे एकेक आकडा: ज्यांनी आगाऊ फी दिली होती त्यांना ती परत केल्याची नोंद. त्याखाली 'खाते बंद'. कारण लिहिलेलं नाही. कारणाचा रकाना तिच्या वहीत नव्हताच.

गेल्या काही वर्षांत मी निवृत्त झाले, आणि माझी सून पुण्यात एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर गेली. तिला मुलगी झाली. सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली तेव्हा मुलाचा फोन आला. "आई, सहा-आठ महिने येशील का? हिचं प्रमोशन आहे." माझी नवी कादंबरी तेव्हा अर्ध्यावर होती. क्षणभर तोंडावर आलं, 'येते की, त्यात काय!' हे वाक्य आमच्या घरात वारसाहक्कानं येतं.

मी ते बोलले नाही. म्हटलं, "येते. पण सकाळी नऊ ते एक मी लिहीन, खोलीचं दार लावून. त्या वेळात बाळ कोणाकडे, ते तुम्ही दोघांनी ठरवा. आणि हा फोन तू केलास ते बरं केलंस. पण तू स्वतः किती रजा घेतोयस?"

पलीकडे शांतता. मग तो हसला, जरासा ओशाळून. पंधरा दिवसांनी कळलं, त्यानं आठवड्याचे दोन दिवस घरून काम मागून घेतलं होतं आणि सकाळसाठी जवळचं पाळणाघर पाहून ठेवलं होतं. सगळं सुरळीत झालं असं नाही. पाळणाघरात पहिल्या आठवड्यात नातीला सर्दी झाली, सून रडली, मी दोन दिवस दार उघडंच ठेवलं. पण कादंबरी पूर्ण झाली.

दुपारी नात झोपली की मी सुया काढते. माझा हात आईसारखा बसत नाही, कडेचे टाके सैल पडतात. एकदा सून ऑफिसातून लवकर आली आणि माझ्याजवळ बसली. म्हणाली, "आई, किती हौस हो तुम्हाला!" मी तिला म्हटलं, "हौस नाही गं. बस, तुला एका वहीची गोष्ट सांगते. आधी ही लड धर."